पार्किंगमधला चिकू

मुलुंड (पूर्व), मुंबई
रविवार

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर दर वेळी तुझा पहिला प्रश्न एकच, "काय रे, बोलतो का तुझा पोपट?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी रेंज जाते. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

बोलत नाही. शिट्ट्या मारतो, आणि गाडी रिव्हर्स घेताना वाजतं ना, ते टूं-टूं हुबेहूब काढतो. शेजारच्या काकूंना वाटलं, चौथ्या मजल्यावर कोण गाडी मागे घेतंय! बिचाऱ्याचा मुक्काम एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये होता, तिथे दुसरं काय शिकणार? मूळच्या घरच्यांनी जागा सोडली आणि पिंजरा वॉचमनच्या हवाली करून गेले. वॉचमन भला माणूस, स्वतः खाई तेच त्याला घाली: पाव, बिस्किटं, चहात बुडवलेली खारी. शेवटी पाखरांसाठी धावपळ करणाऱ्या एका मुलीने त्याला उचललं आणि तो आमच्याकडे आला. नाव तेच ठेवलंय, चिकू.

तुझ्या डोळ्यांसमोर तुमच्या वाड्यातला हिरवा मिठू असेल, तर तो पुसून टाक. आपले देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते कितीही लाडात वाढवलेले असोत. चिकू कॉकाटील या छोट्या पोपटाच्या जातीचा, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अंग राखाडी, तोंड पिवळं, गालावर केशरी ठिपका आणि डोक्यावर तुरा. आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या परदेशी जातींची 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकाटील त्या यादीत बसत नाही, त्यामुळे कागदपत्रांची कटकट नाही. मात्र ही जात नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. म्हणजे माझी निवृत्ती तो बघणार.

आल्याबरोबर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन, नखं, विष्ठा, सगळं तपासलं. आई सत्तरीची, आणि पोपटांकडून माणसाला होणारा एक ताप असतो, म्हणून पिंजरा साफ करताना मी मास्क लावतो आणि नंतर हात साबणाने धुतो. डॉक्टरांचं एक वाक्य फ्रिजवर चिकटवलंय: पाखरू आजार लपवतं. पिसं फुगवून दिवसा पेंगतंय, श्वासागणिक शेपूट वरखाली होतेय, असं दिसलं की वाट बघायची नाही.

पिंजरा हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकवून ठेवलाय. चारही बाजू उघड्या राहिल्या तर तो सारखा दचकतो. स्वयंपाकघराजवळ ठेवायची सोयच नाही. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला की त्यातून जो वायू सुटतो, त्याने पाखरू काही मिनिटांत मरू शकतं. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, प्राणवायू भरपूर मिळतो, पण विषही तितक्याच वेगाने आत जातं. मग उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, सगळ्यावर गदा. आईशी वाटाघाटी करताना माझी दमछाक झाली. "देवाला काय सांगू?" म्हणाली. शेवटी निरांजन आणि मोगऱ्याच्या फुलांवर तह झाला. आता तीच पाहुण्यांना दटावते.

आपल्याकडे पाखरांचा खरा वैरी छताचा पंखा. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी पंखा बंद, आणि बटणावर चिकटपट्टी. मे महिन्यात हॉलमध्ये घामाने भिजत बसायचं, पण नियम म्हणजे नियम. त्याला तसं फार उडताही येत नाही. कुणीतरी त्याचा एकच पंख वेडावाकडा छाटलाय. छाटलेली पिसं गळून नवी येईपर्यंत तो असाच तिरका खाली येणार, म्हणून खाली गोधडी अंथरतो. रात्री झीरोचा बल्ब लागतो. ही जात अंधारात घाबरली की पिंजऱ्यात आंधळी फडफडते. एखादी मालगाडी धडधडत गेली तरी पुरतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सल्ला देतो, "टॉवेलात धर, हातात घेऊन बस, दोन दिवसांत माणसाळेल." मला हे पटत नाही. ते माणसाळणं नव्हे, ते हार मानणं. माझं धोरण एकच: त्याला 'नको' म्हणता आलं पाहिजे, आणि आपण ते ऐकलं पाहिजे. पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून मी पेपर वाचत बसतो, तेही त्याच्याकडे कूस करून, कारण समोरून रोखून बघणं म्हणजे शिकाऱ्याचं बघणं. राळ्याचं कणीस फक्त हातातूनच मिळतं. हात पुढे गेला की मी तुऱ्याकडे बघतो. ताठ उभा म्हणजे सावध किंवा घाबरलेला. सपाट मागे चिकटवून फिस्स केलं म्हणजे राग. दोन्ही वेळा हात मागे. तुरा सैल पडला की पुढे. त्याला कळलंय की नुसतं मागे झुकलं तरी हात जातो, मग चावायचं कशाला? परवा एक पाय माझ्या बोटावर, दुसरा दांडीवर, असा तो बराच वेळ कणीस सोलत होता. त्या दांड्याही बदलल्या. प्लास्टिकच्या गेल्या, पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या आल्या. एकाच जाडीवर सतत बसून पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात.

खाण्याचं घोडं अजून अडलेलंच आहे. नुसत्या दाण्यावर अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते, म्हणून पेलेटची, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची, सवय लावायचीय. पण दाणे एकदम बंद करून चालत नाही. ओळखीचं दिसलं नाही तर हे पाखरू उपाशी बसेल. त्यामुळे दाणे थोडे थोडे कमी, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. 90 ग्रॅमच्या आसपास टिकलं की मी निर्धास्त. कोथिंबिरीची ओली जुडी टांगली, तर खाण्याऐवजी तो तिच्यात लोळून अंघोळ करायला लागला, मान वाकडी करून, पंख अर्धे उघडून, पानांचं पाणी पाठीवर घेत. नंतर दोन पानं चघळली. लाल मिरची मात्र मिटक्या मारत खातो. पाखरांना तिखट लागतच नाही. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते, म्हणून त्यांचा डबा फ्रिजमध्ये गेलाय, आणि त्यावरून बायकोशी रोज एक फेरी होते.

गणपतीत ढोल-ताशे दारावरून जातील, तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत न्यायचा ठरवलाय. दिवाळीचं बघू.

तू सुट्टीत येतोयस ना? आल्या आल्या पिंजऱ्यात बोट घालू नकोस, "मिठू मिठू" करू नकोस. खुर्चीवर गप्प बसून चहा पी, पण त्याला चहा नाही. आणि तुझ्या शेतकरी मामांकडे फवारणी न केलेली राळ्याची कणसं मिळाली, तर पिशवीभर आण. इथे मिळतात ती जुनाट आणि महाग.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
बाळ्या