माँट्रियलचं खरं आहे, बाबा

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या पैशाने मनोरुग्णांवर प्रयोग झाले, असं तुम्ही तो व्हिडिओ पाहून फोनवर म्हणालात, ते खरं आहे. पण आज मोबाइल टॉवरमधून तेच चालतं, म्हणून आईला विजेचे उपचार नकोत, हे मला पटत नाही. फोनवर आपलं बोलणं चिडून तुटतं, म्हणून लिहिते आहे.

माणसाचं मन ताब्यात घेता येतं का हे शोधण्यासाठी १९५३ मध्ये सीआयएचे संचालक ॲलन डलेस यांनी ‘एमके-अल्ट्रा’ या गुप्त प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच वर्षी फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाला न सांगता पेयातून एलएसडी हे भास घडवणारं रसायन दिलं गेलं. नऊ दिवसांनी तो न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. माँट्रियलचं वाचताना मात्र माझ्याच्याने पुढे जाववेना, कारण तिथले रुग्ण आईसारखे होते. कुणी सतत उदास, कुणी बाळंतपणानंतर खचलेली, बरं व्हायला ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये आलेली माणसं. तिथले प्रमुख डॉ. कॅमेरून त्यांना आठवडेच्या आठवडे औषधांनी झोपवून ठेवत, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विजेचे झटके देत, आणि टेपवर एकच वाक्य हजारो वेळा ऐकवत. १९५७ पासून सीआयएचा पैसा एका संस्थेच्या आडून तिथे येत होता. रुग्णांना कुणी विचारलं नाही. हेच कॅमेरून पुढे जागतिक मानसोपचार संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हा नुसतं मोठं नाव बघून डॉक्टरवर विसंबू नये, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

पण हे उघडकीला कसं आलं, ते तुमचा व्हिडिओ सांगत नाही. १९७३ मध्ये सीआयएचे तेव्हाचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी या प्रकल्पाच्या फायली नष्ट करायला लावल्या. खर्चाचे कागद वेगळे ठेवलेले होते, ते तेवढे शाबूत राहिले. जवळपास वीस हजार पानं. अमेरिकेतल्या माहितीच्या कायद्याखाली कुणीतरी मागणी केली तेव्हा ती सापडली आणि १९७७ मध्ये तिथल्या सिनेटपुढे सुनावणी झाली. तुमचा जन्म ऑडिटमध्ये गेला, व्हाउचरची ताकद तुम्हाला मी काय सांगणार? कॅमेरूनच्या रुग्ण वेल्मा ऑर्लिकाव आणि इतर रुग्णांनी सीआयएला कोर्टात खेचलं, १९८८ मध्ये भरपाई घेतली.

आणि एवढं करून मन ताब्यात घ्यायची युक्ती त्यांना सापडलीच नाही. कॅमेरूनना लोकांच्या आठवणी पुसता आल्या, त्या जागी नवं काही बसवता आलं नाही. समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरमधून आज हेच चाललंय म्हणणाऱ्याकडे ना कागद, ना साक्षीदार. खऱ्या माणसांचे हाल त्याने आपल्या बनावाला जोडलेत, याचा मला फार संताप येतो. त्यापायी आईचे उपचार अडलेत.

डॉक्टरांनी आईला सुचवलेली ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देऊन करायचा उपचार, हे कॅमेरूनचे झटके नव्हेत. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, ठरावीक वेळाच देतात. औषधांनी गुण येत नाही अशा खोल नैराश्यात तिचा उपयोग होतो. त्या दिवसांतलं काही विसरायला होतं, कधी त्याआधीचंही. हे मी तुमच्यापासून झाकणार नाही. डॉक्टरांना त्याबद्दल खोदून खोदून विचारू.

आई, संमतीची सही तुझी लागेल. बाबांची नाही, माझी नाही. तुला नको वाटलं तर नको म्हण, दुसरा काय उपाय आहे ते मी विचारीन. पण तुझं भजनी मंडळ सुटलं, अन्नावरची वासना गेली, रात्र रात्र तू खिडकीशी बसतेस. हे असंच चालू राहिलेलं मला बघवत नाही.

शनिवारी सकाळी मी गिरगावात येते. आई, डॉक्टरांना काय विचारायचं ते तोवर बाबांना सांगून लिहून ठेव. बाबा, तुमच्या शंकाही त्याच कागदावर घाला, टॉवरचीसुद्धा.

तुमची,
मनू