वारली चित्रे दिसतात, वारली क्युरेटर कुठे?

महोदय,
समकालीन कलेच्या प्रदर्शनांत आदिवासी आणि दलित कलाकारांची कामे आता दिसू लागली आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कोणते चित्र घ्यायचे, कशाशेजारी लावायचे, भिंतीवर त्याविषयी काय लिहायचे, हे ठरवणारा क्युरेटर बहुधा महानगरातला, इंग्रजीत शिकलेला असतो. मग पालघट देवीचा लग्नचौक, म्हणजे वारली लग्नात घराच्या भिंतीवर काढले जाणारे विधीचे चित्र, विधीपासून तुटतो आणि नुसती नक्षी होऊन बसतो. ज्यांच्या घरात तो चौक लिहिला जातो, त्यांच्यातले कुणी निवडीच्या खुर्चीत का नसावे?

जव्हारची किंवा गडचिरोलीची मुलगी क्युरेटर होण्यासाठी बिनपगारी उमेदवारी करत मुंबईत भाडे कुठून भरणार? केरळात भरणाऱ्या कोची बिनाले या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाने २०१४ पासून विद्यार्थी बिनालेच्या निमित्ताने तरुण क्युरेटरांना कला महाविद्यालयांपर्यंत पोहोचवले. आपल्या कला संचालनालयाने राज्य कला प्रदर्शनाचे एक दालन दरवर्षी अशा नवोदितांकडे सोपवावे, पुरेसे मानधन द्यावे, अर्ज मराठीत घ्यावेत. मार्गदर्शक जरूर नेमावा, पण अखेरची निवड त्यांचीच असावी.

– एक कलाशिक्षक, पालघर