जुनी आलिशान एसयूव्ही: गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत आणि शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सध्या दहा-बारा वर्षे वयाच्या आलिशान एसयूव्ही मोठ्या संख्येने दिसतात. लँड रोव्हर डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्ट, ऑडी क्यू-७ अशा गाड्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत मिळतात. आई-वडील, मुले आणि सामान एकाच गाडीत नीट मावावे म्हणून अनेक कुटुंबे त्या घेतात. त्यांतल्या किती तरी गाड्या वर्षभरात गॅरेजच्या कोपऱ्यात उभ्या राहतात. हे टाळता येते, म्हणून हे पत्र.

गोष्ट साधी आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. पुढचे सगळे घोटाळे या तफावतीतून होतात: टाळलेली देखभाल, अर्धवट दुरुस्ती, लपवलेला अपघात. तेव्हा टोकन देण्याआधीच नीट तपासणी व्हायला हवी.

उदाहरण म्हणून २०१० ते २०१७ या काळात आपल्याकडे विकली गेलेली डिस्कव्हरी ४ घेऊ. कुटुंबासाठी ही गाडी खरोखर उत्तम आहे. सात प्रौढ माणसे आरामात बसतात, मागच्या दोन्ही रांगा सपाट दुमडतात, बाहेरचे सगळे नीट दिसते आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची तिची क्षमता आहे. मात्र वजन अडीच टनांच्या पुढे आणि उंची सुमारे १.९ मीटर. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी सोसायटीच्या स्टॅक पार्किंगवरची (एकावर एक गाड्या ठेवायच्या यंत्रावरची) पाटी वाचावी. अशा बऱ्याच पार्किंगची मर्यादा दोन ते अडीच टन असते. पाटीवरच्या आकड्यात गाडी बसत नसेल तर तिथेच थांबलेले बरे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एअर सस्पेन्शनमध्ये. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या चार पिशव्या आहेत. त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवा वाटणारे व्हॉल्व्ह ब्लॉक आणि प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो. पिशवीचे रबर वयामुळे चिरते आणि हवा हळूहळू झिरपते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. विकणारा नवा कॉम्प्रेसर बसवतो, डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझतो आणि गाडी विकली जाते. गळती तशीच राहिल्याने तो नवा कॉम्प्रेसरही काही महिन्यांत जातो. म्हणून ‘कॉम्प्रेसर नवीन आहे’ असे कोणी कौतुकाने सांगितले, तर जुना का गेला हा पहिला प्रश्न विचारावा.

तपासायला एक मेजरिंग टेप पुरते. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. सकाळी, गाडी उघडण्याआधी, पुन्हा मोजावे. चारही बाजू थोड्याशा आणि सारख्या उतरल्या असतील तर घाबरू नये. उभ्या गाडीत ही यंत्रणा अधूनमधून जागी होऊन सगळ्या बाजू सर्वांत खालच्या कोपऱ्याच्या पातळीला आणते. एकच कोपरा बसला असेल तर त्या चाकाची पिशवी किंवा तिची नळी गळते आहे. एकाच ॲक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या) दोन्ही बाजू बसल्या असतील तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर. नंतर इंजिन चालू करून, चारही दरवाजे नीट बंद करून (दरवाजा उघडा असेल तर गाडी वर येतच नाही) सर्वांत खालच्या उंचीवरून ऑफ-रोडच्या (कच्च्या रस्त्यासाठीच्या) उंचीवर न्यावी. दोन मिनिटांनंतरही ती धापा टाकत असेल तर कॉम्प्रेसर थकलेला समजावा. गळती कुठे आहे ते जोडांवर साबणाचे पाणी लावले की दिसते.

आता इंजिन. तीन लिटरचे व्ही-६ डिझेल इंजिन ओढायला दमदार आणि आवाजाला शांत आहे, पण त्याचा एक दोष जगभर माहीत आहे: क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगचे शेल आपल्या जागेवरून फिरतात, तेलाची वाट बंद होते आणि शाफ्ट जाम होतो किंवा तुटतो. हे बहुधा पूर्वसूचना न देता होते आणि त्यानंतर इंजिनच बदलावे लागते. यावर हमखास उपाय नाही, पण वेळेवर बदललेले चांगले तेल हा सर्वांत मोठा आधार आहे. म्हणून सर्व्हिसची बिले पाहताना शिक्के मोजू नका, दोन तेलबदलांमधले किलोमीटर मोजा. आठ-दहा हजारांवर तेल बदललेली गाडी चांगली. वीस-पंचवीस हजारांचे अंतर वारंवार दिसले तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवे. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू करताना खालून येणारी जड ठकठक आणि मागून येणारा निळा धूर, दोन्ही तेव्हाच कळतात. या इंजिनाला दोन पट्टे आहेत: पुढे टायमिंग बेल्ट आणि मागच्या बाजूला हाय-प्रेशर डिझेल पंपाचा छोटा पट्टा. पुढचा बदलून मागचा तसाच ठेवलेल्या गाड्या बऱ्याच आढळतात, म्हणून बिलावर दोन्हींची नोंद हवी. सात-आठ वर्षांत पट्टे बदलल्याचा पुरावा नसेल तर किलोमीटर कमी असले तरी तो खर्च किमतीतून वजा करावा, कारण रबर वयानेही संपते. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्लास्टिक नळ्या उष्णतेने ठिसूळ होऊन फुटतात. त्यांच्या सांध्यांवर सुकलेल्या कूलंटचे डाग दिसतात का ते टॉर्च लावून पाहावे.

चाचणीफेरी चौकापर्यंत जाऊन परत येण्याची नको. किमान चाळीस मिनिटांची हवी आणि तीत एखादा घाट यावा: पुणेकरांनी कात्रज, मुंबईकरांनी जुन्या रस्त्याने बोरघाट. तापमानाचा काटा या गाडीत बराच उशिरा हलतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर जोडून कूलंटचे प्रत्यक्ष तापमान बघत घाट चढावा. सपाटीवर साठ ते ऐंशीच्या वेगात हलका ॲक्सिलरेटर ठेवला असता, गाडी रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरली तर गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) काम निघाले. ‘गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलायचे नसते’ असे सांगणारे भेटतील. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे या दरम्यान तेल बदला असे सांगते. त्यात फिल्टर प्लास्टिकच्या सम्पमध्येच (तळाच्या तेलपात्रातच) असतो, म्हणजे सम्पसकट बदलावा लागतो.

आपण कधी चिखलात जाणार नाही, म्हणून लो-रेंज (चिखल-चढासाठीचे जास्त ताकदीचे, मंद गिअर) कोणी तपासत नाही. हे चुकीचे आहे. ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळ्या गाड्यांत आहे, तो बिघडला तर डांबरी रस्त्यावरही त्रास होतो. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये टाकून लो-रेंजचे बटण (काही गाड्यांत ते नसते) दाबावे, दिवा लुकलुकून स्थिर झाला पाहिजे. मग पुन्हा हाय-रेंजला आणावे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. मापे वेगळी असली तर ट्रान्सफर बॉक्सवर विनाकारण ताण येतो. टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचावे: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, कुटुंबाच्या गाडीला नकोत. पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले असतील आणि ब्रेक मारताना ठप्प आवाज येत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेले आहेत. हा नेहमीचा खर्च आहे, त्यासाठी सौदा मोडू नये. किंमत कमी करून घ्यावी. हँडब्रेक विजेवर चालतो आणि त्याचे शू मागच्या डिस्कच्या आत असतात. कोकणातल्या लाल मातीत फिरलेल्या गाड्यांत तिथे माती साचून तो किंचाळतो.

घरच्यांसाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग बहुधा एकदा उघडली असावी. आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट अडकवायचे) कडे बोटांनी चाचपावे आणि घरची चाइल्ड सीट नेऊन प्रत्यक्ष बसवून बघावी. मागच्या एसीच्या नळ्या खालून जातात आणि सडतात. तिसऱ्या रांगेत बसून दहा मिनिटे हवा गार येते का हे पाहावे. सनरूफच्या पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी पुढच्या पायांखाली उतरते, तेव्हा कार्पेट उचलून हात लावून बघा.

आता तितकाच महत्त्वाचा भाग: पुरात बुडालेल्या गाड्या. विम्याच्या नियमाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. जुन्या आलिशान गाडीची आयडीव्ही कमी आणि भाग महाग, त्यामुळे सीटपर्यंत पाणी आले तरी ती या मर्यादेत येते. मग ती भंगाराच्या भावात लिलावात जाते, कोणीतरी ती सुकवून, जुने इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून, पॉलिश करून पुन्हा बाजारात आणतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नई: अशा पुरांतल्या गाड्या दूरवर विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर गढूळ रेघ आहे का, सीट जमिनीला धरणाऱ्या बोल्टांवर गंज आहे का, कार्पेटखालच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज आहे का हे पाहावे. अपघाताच्या तपासणीसाठी, रंगाखालचे पोटीन शोधायला, लोहचुंबक नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की या गाडीचे बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे, तिथे चुंबक चिकटणारच नाही. ॲल्युमिनियमवरही चालणारे पेंटची जाडी मोजायचे यंत्र हवे. स्कॅनरही साधा चालत नाही. तो फक्त इंजिनातले दोष दाखवतो. सस्पेन्शन, ट्रान्सफर बॉक्स आणि एअरबॅग वाचणारा लँड रोव्हरचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच गाडी न्यावी. विक्रेता त्याला नकार देत असेल तर सौदा तिथेच संपला.

कागदांबद्दल थोडे. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, त्याला कारण आहे: दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. २०२५ मध्ये कारवाईबाबत काही दिलासा मिळाला, पण गाड्या बाहेर पाठवायचा ओघ आधीच सुरू झाला होता. अशी गाडी घ्यायची तर एनओसी आपल्याच आरटीओच्या नावाने हवी, आणि इथला रोड टॅक्स गाडीची नवी असतानाची किंमत व तिचे वय धरून भरावा लागतो. तो आकडा आरटीओतून काढूनच भाव बोलावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा खरेदीनंतर चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा; नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. परदेशातून आलेली गाडी असेल तर सीमाशुल्क भरल्याचे कागद मागावेच. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आणलेल्या आलिशान गाड्या ‘ऑपरेशन नुमखोर’मध्ये जप्त केल्या, तेव्हा गाड्या गेल्या त्या शेवटच्या खरेदीदारांच्या दारातून.

दलालाकडून गाडी घेताना त्याला आरटीओची अधिकृत विक्रेता म्हणून मान्यता आहे का, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची फॉर्म २९-सी ही नोंद झाली आहे का, हे विचारावे. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी ही सोय केली आहे आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, पण खरेदीदार तिचा उपयोगच करत नाहीत. सौदा झाल्यावरही खरेदी किमतीच्या वीस-पंचवीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला असावी. ती नसेल तर त्याच पैशात कमी वयाची साधी एसयूव्ही घ्यावी, घरच्यांना ती अधिक सुखाची ठरेल.

शेवटी शासनाकडे एक मागणी. कोणत्या गाडीचा ‘टोटल लॉस’ झाला ही माहिती विमा कंपन्यांकडे असते, आणि विम्याची आकडेवारी गोळा करणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ही संस्थाही देशात आहे. ‘वाहन’ पोर्टलवर आज गाडी कितव्या मालकाकडे आहे, विम्याची मुदत, पीयूसी दिसते. त्याच पानावर ‘या वाहनाचा टोटल लॉस दावा मंजूर झाला होता’ एवढी एक ओळ, दाव्याच्या तारखेसह, दिसायला हवी. मालकाचे नाव किंवा दाव्याची रक्कम उघड करायची गरज नाही. राज्याच्या परिवहन आयुक्तांनी केंद्राकडे याचा पाठपुरावा करावा, आणि तोपर्यंत परराज्यातून येणाऱ्या गाडीला नवा एमएच क्रमांक देताना विमा कंपनीकडून टोटल लॉस दाव्याबाबतचे पत्र मागण्याची सक्ती आरटीओत सुरू करावी.

आपले,
जुन्या गाड्यांची तपासणी करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे