नाटकाच्या संगीताची वही करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आनंद मोडक यांनी संगीत दिलेल्या 'एक होता विदूषक' चित्रपटातली (१९९२) गाणी आजही सहज ऐकता येतात. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हवा तेव्हा लावून पाहता येतो. मोडकांचंच संगीत असलेल्या सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' या नाटकाचं (१९७४) तसं नाही. त्यात मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. बोलता बोलता चालीवर येतात आणि चालीवरून पुन्हा बोलण्यावर. हे सांधे नुसत्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात सापडत नाहीत.

चित्रपटात विनोद संकलनाच्या टेबलावर पक्का होतो, संगीतकार सेकंद मोजून सूर ठेवतो. रंगमंचावर तोच हशा आज तीन सेकंद, उद्या आठ. पेटी लवकर वाजली तर पुढची ओळ हशात बुडते, उशिरा वाजली तर नट ताटकळतो. मुरलेले साथीदार हशा ओसरेपर्यंत ठेका फिरता ठेवतात आणि नटाने श्वास घेतला की उचल देतात, म्हणजे पुढची ओळ सुरू करून देतात. आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकला हे जमत नाही. जुनं नाटक नव्या संचात आलं की विनोद पडतो तो बहुधा इथेच.

म्हणून नाट्यसंस्थांनी कॅसेटी डिजिटल करून थांबू नये. संहितेत प्रत्येक पानासमोर कोरं पान बांधून घ्यावं आणि त्यावर संगीताची प्रत्येक जागा लिहावी : आधीचा शेवटचा शब्द, पट्टी (गाण्याचा मूळ सूर), ताल, लय (मिनिटाला किती मात्रा), उचल कोणत्या मात्रेवर, आणि थांबण्याची खूण कोणाची. ही शेवटची नोंद हमखास राहून जाते.

कॅसेटवरून पट्टी ठरवू नये. यंत्र सहा टक्के मंद फिरलं की सूर पेटीच्या एका पट्टीने उतरतो, काळी एकची पांढरी एक होते. आधी मूळ गायक-वादकांकडून पट्टी ताडून घ्यावी, मग वेग दुरुस्त करावा. दुरुस्तीपूर्वीची प्रत २४ बिट वेव्हमध्ये वेगळी ठेवावी, एमपी३ नको. प्रयोगाचं ध्वनिमुद्रण असेल तर 'साफ' करण्याच्या नादात प्रेक्षकांचा हशा पुसू नये. संगीत किती थांबलं, हे त्यावरूनच कळतं.

मोडक २०१४ मध्ये गेले. जे साथीदार आज भेटू शकतात त्यांच्या मुलाखती घेण्यापेक्षा तालीम लावा. नट उभे करा, संवाद सुरू करा, पेटी साथीदारांपुढे ठेवा. कुठे थांबायचं हे विचारल्यावर सांगता येत नाही, वाजवताना हाताला आठवतं.

— एक रंगसंगीत अभ्यासक, पुणे