आबांच्या आठवणी लिहिताना: मेलबर्नहून पत्र

मेलबर्न,
जुलैचा पहिला आठवडा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या कोल्हापुरातल्या शिक्षणाच्या आठवणी तू लिहून काढणार, असं दादा म्हणाला. बरं झालं. पण एक पथ्य पाळ: आबांना साल विचारू नकोस. या वयाच्या माणसाला "हे कधीचं?" म्हटलं की तो साल सांगतो, ठामपणे सांगतो आणि दोन-चार वर्षांनी चुकतो. त्यापेक्षा पैसे विचार, माप विचार, रस्ता विचार. साल त्यातून आपण काढायचं.

खानावळीचा हिशेब ते आणे-पैत सांगत असतील तर गोष्ट 1 एप्रिल 1957 च्या आधीची धर. तेव्हा रुपयाचे 16 आणे आणि 64 पैसे होते. त्या दिवसापासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले आणि 'नवे' हा शब्द 1964 साली सुटला. गंमत अशी की 'चार आणे' म्हणायची सवय पुढेही राहिली, त्यामुळे नुसत्या 'चार आणे'वरून काहीच ठरत नाही. 'दीड आणा'सारखे शब्द आले तर मात्र कान टवकार. खानावळीला धान्य घातलं असेल तर पायलीचं लगेच किलो करू नकोस. पायली म्हणजे चार शेर, पण ते मापाचे, वजनाचे नव्हेत. ज्वारीची पायली आणि भाताची पायली तराजूत सारखी भरत नाही. पायली तशीच लिही.

'महाराज' हा शब्द आला की थांबून कोणते महाराज ते विचार. राजर्षी शाहू 6 मे 1922 ला गेले, राजाराम महाराज 1940 साली. आबांच्या कॉलेजच्या काळात महाराज म्हणजे शहाजी महाराज, 1947 साली देवासहून गादीवर आलेले. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट इथंच मिसळते. बोर्डिंगात मोठ्या मुलांकडून ऐकलेलं माणूस पुढं स्वतः पाहिल्यासारखं सांगू लागतो. खोटं नसतं ते, फक्त "तुम्ही तिथं होतात का?" एवढं विचारून बाजूला तसा शेरा मारून ठेवायचा.

बोर्डिंगांचा इतिहास दोन ओळींत पुरे. 1896 साली राजर्षी शाहूंनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण बहुजन मुलं तिथं टिकली नाहीत. मग 1901 पासून निरनिराळी निघाली: व्हिक्टोरिया मराठा, दिगंबर जैन, पुढं मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क. दसरा चौकात उभं राहिलास तर त्यातली कितीतरी पायी हिंडता येतात. आबांना घेऊन जा, पण रिक्षातून नको. चालताना माणसाला आठवतं.

पदवीच्या कागदांवरून घोळ होईल, म्हणून सांगते. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, नंतर पुण्याला, आणि 18 नोव्हेंबर 1962 पासून शिवाजी विद्यापीठाला. त्यामुळे आबांच्या बी.ए.वर पुणे आणि एम.ए.वर शिवाजी विद्यापीठ आहे, यात काही चूक नाही. जन्मतारखेचंही असंच. दाखल्यावर 1 जून असेल तर ती मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली समज. त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र 1 जूनलाच जन्मलाय. शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढ. त्यात गाव, आधीची शाळा आणि नाव काढल्याची तारीख मिळते, आणि ती मात्र विश्वासाची असते.

आता डब्याचं. गावाकडचा डबा एसटीनं यायचा, हे सगळ्यांना माहीत आहे, पण कसा यायचा ते कुणी लिहून ठेवत नाही. गाडी गावातून किती वाजता निघायची? डबा कंडक्टरकडे द्यायचे की ड्रायव्हरपाशी ठेवायचे? स्टँडवर कोण उतरवून घ्यायचं? शंभर डब्यांत आपला ओळखायचा कसा, नाव ठोकलेलं, रंगाचा ठिपका, की फडकं? रिकामा डबा कोणत्या गाडीनं परत जायचा? आणि हे नक्की विचार: आजी कोणती भाजी डब्यात देत नसे? पातळ कालवण सांडतं आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. डबा पितळेचा आणि कल्हई उडालेली असेल तर ताकातलं, चिंचेचं काहीही कळकतं. म्हणून भाकरी, झुणका, ठेचा. या एका प्रश्नावर आबा अर्धा तास बोलतील.

वर्गाचा ग्रुप फोटो चौकटीत आहे ना? नावं खालच्या पुठ्ठ्यावर छापलेली असतात आणि चौकट करणारे तो पुठ्ठा सरळ कापतात. मागून उघडून बघ, दुमडलेला असेल तर नशीब. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट तिरप्या उजेडात मोबाइलवर काढ. नावं लिहिताना रांगेनं जा, उभे, खुर्चीवर, जमिनीवर, प्रत्येक रांग फोटोच्या डावीकडून. ती वेगळ्या कागदावर लिही. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवलास तर पुढून उमटतं. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेव आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाक. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त नको. आबांचे बोर्डिंगातले मित्र भेटायला येतात, त्यांना आधी एकेकटं बोलतं कर आणि मगच एकत्र बसव. एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते.

पंचगंगा चढायच्या आत एक काम कर. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या वह्या, दाखले वरच्या मजल्यावर ने. राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. आपण 39 लाच हलवायचं. चुकून भिजलेच तर उन्हात घालू नकोस, कागद आकसतो आणि शाई फिकी पडते. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून वाळव. चिकटलेली पानं ओली असताना सोडवू नकोस.

आबांना साष्टांग नमस्कार सांग, दादा-वहिनींना नमस्कार. पहिली बैठक झाली की रेकॉर्डिंग पाठव. तुमच्या सकाळी नऊला इथं दुपारचे दीड वाजतात, तेव्हा मी मोकळी असते.

तुझी,
आत्या