निर्देशांकात न दिसलेले कारखाने

महोदय,

करोनात शेअर बाजार सावरला म्हणजे उद्योगही सावरले, असे आजही सर्रास बोलले जाते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने प्रथमच ५० हजारांना स्पर्श केला, हे खरेच. पण तो अवघ्या ३० बड्या कंपन्यांचा निर्देशांक. आयटीचे काम घरून चालले, व्याजदर उतरल्याने पैसा बाजाराकडे वळला. देशाचे सकल उत्पादन मात्र २०२०-२१ मध्ये घटले.

वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात तेव्हा लेथ यंत्रे बंद आणि भाडे चालू. कर्जाचा हप्ता पुढे ढकलला तरी व्याज चढतच होते. गावी गेलेल्या कारागिरांपैकी दोघे परतलेच नाहीत. सर्वांत जाच झाला तो थकलेल्या बिलांचा. एका मोठ्या खरेदीदाराने आमचे पैसे सहा महिने अडकवले. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत! बड्या कंपन्यांच्या नफ्याचे आकडे छापताना आमच्यासारख्यांची त्यांच्याकडची थकबाकीही शेजारी छापावी, ही आपल्याला कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, ठाणे