गढूळ पाण्यातली उघडीप

दोना पावला, गोवा
24 जुलै

प्रिय सुध्या,

"पावसाळ्यात समुद्र म्हणजे नुसता चिखल, त्यात तू काय बघतोस?" असं विचारतोस, आणि तेही रत्नागिरीच्या मिऱ्याला, समुद्रकाठी वाढलेला माणूस! मग आता ऐक.

पाणी तांबूस आहे, मान्य. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. डोंगरउतारावरची माती मांडवी-झुआरीतून खाली येते. त्यातला 2 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाएवढा कण स्थिर पाण्यातही दिवसाला जेमतेम 30 सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे तो लांब समुद्रात निघून जायला हवा. पण खारं पाणी लागलं की दुधात लिंबू पिळावं तसे हे कण एकमेकांना चिकटतात आणि खाडीतच बसतात. उधाणाला पुन्हा वर, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांत, पुन्हा खाली. आग्वादला मांडवीच्या तोंडाशी तर पावसाळ्यात वाळूचा दांडाच पडतो. खनिजाच्या बार्जेस मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत काढायचे.

माझं लक्ष मात्र त्या गाळात पडून राहिलेल्यांवर. स्केलेटोनेमा नावाचा एक डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल आहे. सिलिकाच्या कवचाच्या पेशी, एकीला एक जोडून माळ झालेली. दिवस वाईट आले की तो सुप्त होऊन तळाच्या चिखलात पडून राहतो. पाणी घुसळलं की वर येतो, पण रुजायला त्याला उजेड लागतो. नदीने नायट्रेट आणि सिलिकेट, म्हणजे त्याचं खत, भरपूर आणून टाकलेलं असतं, अडतं ते फक्त उजेडावर. आणि मग पाऊस चार दिवस उघडीप देतो. गाळ थोडा खाली बसतो, वर गोडसर पाण्याचा थर, त्याच्यावर ऊन. स्केलेटोनेमाला कमी खारं पाणी चालतं, त्यामुळे इतरांच्या आधी तोच वाढतो, दिवसात दुप्पट किंवा त्याहून जास्त. पुन्हा सर आली की खेळ आटोपला.

म्हणून महिन्यातून एकदा समुद्राच्या पाण्याची बाटली भरून आणायची आणि त्यावर आलेख काढायचा, हे मला पटत नाही. नेमकी उघडीपच निसटते! जेट्टीवर रोज उभं राहावं लागतं, छत्री उलटली तरी.

मेलेल्या पेशी तळाशी जातात, जिवाणू त्यांचा फडशा पाडतात आणि ऑक्सिजन खर्ची पडतो. पावसाळा सरता सरता खोल समुद्रातलं ऑक्सिजन कमी असलेलं पाणीही किनाऱ्याकडे सरकतं, तेव्हा तळाच्या जीवांचे हाल होतात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आता तुझ्या जिभेचा विषय. तारली हेच डायटम कल्ल्यांनी गाळून खाते. इथली मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. सप्टेंबरात ये, आधी सूक्ष्मदर्शकाखाली माळा दाखवतो, मग तारल्यांचं तिखलं. येताना काकूंकडची आमसुलं आण. इथली चांगली असतात, पण मला तीच लागतात.

तुझा,
विनय